दुहेरी पट्टा: दोन्ही हातांच्या सरावाच्या नोंदी

5 ऑक्टोबर 2025, रविवार

दसरा झाला आणि वस्तादांनी लगेच शिवजयंतीचा विषय काढला. यंदा थोरल्या गटातल्या पोरापोरींकडून दुहेरी पट्टा करून घ्यायचा आहे, म्हणजे दोन्ही हातांत एकेक दांडपट्टा. 19 फेब्रुवारीपर्यंत साडेचार महिने मिळतात. माझ्याकडे काम आलं ते डाव्या हाताचं. "तू फिजिओथेरपीवाली, आणि लाठी शिकलीस ती याच आखाड्यात. पोरांचा डावा हात कशानं मागं पडतोय ते बघ आणि मला सांग," एवढंच वस्ताद म्हणाले. म्हणून ही वही. पोरांची नावं यात लिहिणार नाही.

बाहेरच्या वाचणाऱ्यासाठी हत्याराची ओळख. पट्ट्याचं पातं सरळ, लांब, दोन्ही बाजूंनी धारेचं आणि लवचिक. मुठीच्या जागी लोखंडी खोबळा असतो. हात त्यात घातला की कोपरापर्यंतचा भाग झाकला जातो आणि आतली आडवी मूठ धरायची. मनगट त्यात अडकतं, म्हणून तलवारीसारखी मनगटाची फिरत इथं चालत नाही. सगळं काम कोपर, खांदा आणि कमरेचं. 2024 मध्ये राज्य सरकारनं दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या आखाड्यात चौकशीला येणारे पालक वाढलेत. बहुतेकांना पट्टाच शिकवायचा असतो. वस्ताद आधी लाठी देतात आणि पट्ट्याचं नाव वर्षभर काढू देत नाहीत.

12 ऑक्टोबर, रविवार

आज प्रश्नावली. कोण किती उजवा, कोण किती डावा हे आधी कळायला हवं. ओल्डफिल्डनं 1971 मध्ये एडिंबरात तयार केलेली यादी जगभर वापरतात: लिहिणं, चित्र काढणं, फेकणं, कात्री, दात घासणं, सुरी, चमचा, झाडूवरचा वरचा हात, काडी ओढणं, डब्याचं झाकण उघडणं. उत्तरांवरून उणे 100 ते अधिक 100 असा आकडा निघतो. एका टोकाला पक्का डावखुरा, दुसऱ्या टोकाला पक्का उजवा.

ही यादी जशीच्या तशी आपल्याकडे चालत नाही. केरसुणी एका हातानं मारायची, तिला वरचा हात नि खालचा हात कुठला? आणि जेवणाचा प्रश्न मी काढूनच टाकला. आपल्या घरात पोरगं डाव्या हातानं घास उचलायला लागलं की कुणीतरी त्याचा हात धरतंच, त्यामुळे जेवणाच्या हातावरून मेंदूबद्दल काहीही कळत नाही. त्याऐवजी सुई ओवणं, कुलूप उघडणं, पत्ते वाटणं, लिंबू पिळणं, दगड मारणं आणि भोवरा हे प्रश्न घातले.

भोवऱ्याचा प्रश्न फार कामाचा निघाला. भोवरा कसा धरायचा हे कुणी आई-वडील शिकवत नाहीत, तिथं पोर आपल्या मनाचा हात वापरतं. लिहायला उजवा आणि भोवऱ्याला डावा असे काही जण त्यातच सापडले.

2020 मध्ये जगभरातल्या अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली, त्यात वीस लाखांहून जास्त माणसं होती. डावखुरे 10.6 टक्के निघाले. दोन्ही हात खरोखर सारखे चालणारी माणसं फारच थोडी, शंभरात साधारण एक. म्हणजे आमच्या गटात जन्मजात सव्यसाची कुणी असेलच, हे धरून चालता येत नाही. जे होईल ते सरावानं.

15 ऑक्टोबर, बुधवार

दवाखाना लवकर बंद करून उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात गेले. मोजमापासाठी खुंट्यांची पाटी करून घ्यायची होती. मूळ पाटी अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठातली, जोसेफ टिफिन यांनी 1948 मध्ये कारखान्यातले कामगार निवडण्यासाठी केलेली. पाटीवर पंचवीस-पंचवीस भोकांच्या दोन ओळी. तीस सेकंदांत उजव्या हातानं किती खुंट्या बसतात, मग डाव्यानं किती, मग दोन्ही हातांनी एकदम किती जोड्या बसतात ते मोजायचं. विकत मागवायची तर महाग, आणि उद्यमनगर असताना बाहेरून कशाला मागवायची?

ज्यांच्याकडे काम दिलं ते टर्नर काका साठीच्या पुढचे. मी गेले तेव्हा लेथवर एक गोल मूठ काढत होते. एकच नग होता, म्हणून सीएनसीवर, संगणकानं चालणाऱ्या यंत्रावर, लावला नव्हता आणि त्या आकाराचं टूलही घासून घेतलं नव्हतं. नुसत्या हातांनी चाललं होतं. एक हात क्रॉस स्लाइडच्या हँडलवर, त्यानं टूल आत-बाहेर सरकतं; दुसरा कंपाउंडच्या, त्यानं टूल नगाच्या लांबीच्या दिशेनं सरकतं. गोलाच्या टोकापाशी क्रॉस स्लाइडचा हात भराभर फिरतोय आणि कंपाउंडचा जेमतेम हलतोय. टूल मध्याकडे सरकलं तशी दोघांची अदलाबदल होत गेली. मध्य ओलांडला आणि क्रॉस स्लाइडचा हात उलटा फिरायला लागला, दुसरा मात्र होता त्याच दिशेनं चाललेला. दोन हात, दोन वेग, मध्येच एकाची दिशा बदललेली, आणि लोखंडावर मात्र एकच अखंड गोलाई उतरत होती. मी कितीतरी वेळ तिथंच उभी राहिले.

"काका, कुठला हात आधी शिकलात?"

"हाताकडं बघितलं की काम बिघडलंच बघा. नजर टूलच्या टोकावर ठेवायची. हात आपसूक येत्यात."

हे वाक्य वहीत ठळक करून ठेवते. पाटी दिवाळीनंतर मिळेल.

26 ऑक्टोबर, रविवार

पाटी छान झालीय, खुंट्या पितळेच्या. पहिली मोजणी आज केली.

पाटीवर उजव्या-डाव्यात फार फरक नाही. बहुतेकांचा उजवा हात एखाद-दुसऱ्या खुंटीनं पुढं. बोटानं टकटक करण्याच्या चाचणीतही असंच दिसतं, सरावाचा हात साधारण दहा टक्क्यांनी वेगवान असतो. यातून मोठी दरी निघत नाही.

मग त्याच पोरांच्या हातात लाठी दिली. उजव्या हातात चक्र कसं गरगरत, सलग. डाव्या हातात तीच लाठी पाचव्या-सहाव्या फेऱ्यात गुडघ्यावर. पाटीवर एका खुंटीचा फरक असलेल्या पोराच्या लाठीत जमीन-अस्मानाचा फरक.

पाटी सगळ्यांना नवी होती, दोन्ही हात कोरे होते, म्हणून तिथं फरक थोडा. लाठी उजव्या हातानं वर्षानुवर्षं फिरवलेली आहे, डाव्याला ती दिलीच कुठं? डाव्या हातात कमी काही नाही, त्याला काम मिळालेलं नाही. वस्तादांना हे सांगितलं, तर त्यांनी मान डोलावली आणि उद्यापासून प्रत्येक हात, म्हणजे फिरतीचा प्रत्येक प्रकार, आधी डाव्यानं, मग उजव्यानं अशी आज्ञा काढली.

2 नोव्हेंबर, रविवार

दोन्ही हातांत आखूड काठ्या देऊन सुरुवात केली. पट्टा इतक्यात नाही.

दोन्ही काठ्या आतून बाहेर, म्हणजे एक हात दुसऱ्याचं आरशातलं रूप, अशी फिरत पहिल्याच दिवशी सगळ्यांना आली. मग दोन्ही काठ्या एकाच बाजूला, मोटारीच्या वायपरसारख्या, डावीकडून उजवीकडे. सावकाश असेपर्यंत ठीक. वस्तादांनी हलगीवाल्याला लय वाढवायला सांगितली आणि बघता बघता एकेकाच्या काठ्या वळून परत आरशासारख्या फिरायला लागल्या. कुणी ठरवून केलं नव्हतं. कित्येकांना तर फिरत बदललीय हे कळलंही नाही. वस्ताद याला "हात भुलले" म्हणतात.

1984 मध्ये केल्सो यांनी दोन तर्जनींवर नेमकं हेच दाखवलं होतं. बोटं समांतर हलवत वेग वाढवत नेला की एका वेगाला ती आपोआप आरशासारखी हलू लागतात, आणि मग वेग कमी केला तरी आपण होऊन मागच्या रूपात जात नाहीत. उजव्या हाताची आज्ञा मुख्यतः मेंदूच्या डाव्या बाजूनं येते, डाव्याची उजव्या बाजूनं. पण दोन्ही बाजू मधल्या जाड पुलानं जोडलेल्या आहेत, त्यात सुमारे वीस कोटी तंतू. एका हाताचा हुकूम दुसऱ्याच्या कानावर पडतोच. वेग वाढला की तो टाळणं अवघड जातं.

दुहेरी पट्ट्यातले निम्मे हात समांतर आहेत. खरी अडचण इथं आहे. नुसत्या डाव्या हाताची ताकद वाढवून ती सुटणार नाही.

9 नोव्हेंबर, रविवार

एका पोराच्या वडिलांनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. मध्य प्रदेशातल्या सिंगरौली जिल्ह्यातल्या एका शाळेत मुलं दोन्ही हातांनी एकाच वेळी लिहितात. त्यांच्या धाकट्या मुलालाही तसं शिकवावं का, स्मरणशक्ती दुप्पट होते म्हणतात, असा त्यांचा प्रश्न. आणखी दोन-तीन पालक भोवती जमले, म्हणून उत्तर सविस्तर दिलं. ते इथंही लिहून ठेवते, कारण हा प्रश्न परत येणार.

दोन्ही हातांनी लिहिता येणं ही शिकून येणारी कला आहे, आणि कधी कधी फार उपयोगाची. गांधीजींनी 'हिंद स्वराज' नोव्हेंबर 1909 मध्ये लंडनहून दक्षिण आफ्रिकेला जाताना बोटीवर लिहिलं. हस्तलिखित 275 पानांचं, त्यातली चाळीसेक पानं डाव्या हातानं लिहिलेली, कारण उजवा हात दमला होता. हात दमला म्हणून दुसरा वापरला, विचार मात्र तोच पुढं चालू राहिला. मला हे फार आवडतं.

पण दोन्ही हात वापरले की मेंदूच्या दोन्ही बाजू जाग्या होऊन बुद्धी वाढते, याला पुरावा नाही. हे स्वप्न जुनं आहे. लंडनमध्ये 1903 मध्ये जॉन जॅक्सन यांनी यासाठी संस्थाच काढली होती. एका हातानं पत्र लिहावं आणि त्याच वेळी दुसऱ्यानं चित्र काढावं, इथपर्यंत त्यांची मजल. मेंदूचे डॉक्टर क्राइटन-ब्राऊन यांनी 1907 मध्ये त्यावर जाहीर व्याख्यानात कडाडून टीका केली. ती कल्पना पुढं टिकली नाही. मेंदूच्या दोन्ही बाजू एरवीही जाग्याच असतात, आपण एका हातानं चहा पीत असलो तरी.

आणखी एक गोष्ट सांगावी लागली, कारण एका आईनं ती कुठंतरी वाचून उलटी धरली होती. फिनलंडमध्ये जवळपास 8000 मुलांचा अभ्यास झाला, 2010 मध्ये छापून आला. त्यातली 87 मुलं मिश्र हातांची होती आणि सात-आठ वर्षांच्या वयात त्यांच्यात भाषेच्या आणि अभ्यासाच्या अडचणी उजव्या मुलांपेक्षा साधारण दुपटीनं दिसल्या. याचा अर्थ डाव्या हातानं लाठी फिरवली की पोराचा अभ्यास बिघडतो असा अजिबात नाही. ती मुलं तशीच घडलेली होती, कुणी त्यांना शिकवलेलं नव्हतं. उपजत घडण वेगळी आणि सराव वेगळा. त्या बाईंचा जीव भांड्यात पडला.

धाकट्याबद्दल वडिलांना एवढंच सांगितलं: अक्षर एका हाताचं, तो ज्या हातानं पेन्सिल उचलेल त्या हाताचं. दोन्ही हातांसाठी आखाड्यात पाठवा.

16 नोव्हेंबर, रविवार

टर्नर काकांचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. तपासून बघायचं ठरवलं.

यामागं एक सुरेख प्रयोग आहे. मेख्सनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये केलेला. लोकांना टेबलाखाली दोन दांडे फिरवायला दिले, वर त्यांना दोन छोटी निशाणं दिसत. हात दिसत नव्हते. एका बाजूला दातेचक्र असं बसवलं होतं की निशाणं सारखी फिरायला हवी असतील तर हात चारास तीन या प्रमाणात फिरावे लागत. हातांकडे लक्ष देऊन हे प्रमाण साधणं जवळपास अशक्य. पण निशाणांवर नजर ठेवून ती सारखी फिरवा म्हटल्यावर लोकांना ते जमलं.

आम्ही रिबिनी आणल्या. महाद्वार रोडवर केसांच्या रिबिनी ढिगानं मिळतात. डाव्या काठीच्या टोकाला भगवी, उजव्या काठीच्या टोकाला भगवीच. रंग मुद्दाम सारखा, म्हणजे हा डावा, हा उजवा अशी वाटणी डोळ्यापुढं राहत नाही. पोरांना सांगितलं, हात विसरा, हवेत दोन रिबिनींची एक मोठी वेणी पडलेली दिसली पाहिजे. डावा, उजवा, कोपर, खांदा हे शब्दच तासभर वापरायचे नाहीत, वस्तादांनीसुद्धा. त्यांना ते जड गेलं. पण त्यांनी शब्द पाळला.

समांतर फिरत मोडण्याचा वेग पुढं गेला. सगळ्यांचा नाही, पण बऱ्याच जणांचा. हलगीची लय गेल्या वेळी जिथं हात भुलले होते ती ओलांडून गेली आणि वेणी टिकली. एका पोरीची तर इतकी टिकली की हलगीवालाच थांबला.

वस्ताद म्हणाले, "आमच्या वस्तादांनी आम्हाला काय सांगितलं होतं? पात्याच्या टोकाकडं बघ. आम्ही समजलो, लागू नये म्हणून सांगतात."

30 नोव्हेंबर, रविवार

सराव नेहमीप्रमाणे. चहाच्या वेळी पोरांत क्रिकेटचा वाद. विदर्भाचा अक्षय कर्णेवार दोन्ही हातांनी फिरकी टाकतो; 2021 च्या सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत मणिपूरविरुद्ध त्याची चार षटकं, चारही निर्धाव, दोन बळी. हात बदलायचा तर आधी पंचाला सांगावं लागतं, न सांगता बदलला तर नोबॉल. पोरांचा प्रश्न: तो श्रेष्ठ का दुहेरी पट्टेवाला?

तुलना नीट होत नाही. त्यानं दोन पूर्ण वेगळ्या कला कमावल्यात आणि एका वेळी एकच वापरतो. आमच्याकडे दोन्ही हात एकाच क्षणी लागतात.

7 डिसेंबर, रविवार

गटातला सगळ्यात दांडगा पोरगा रंकाळ्याजवळ गाडीवरून घसरला. उजव्या मनगटाजवळ हाड मोडलंय, जागेवरून हललेलं नाही. प्लास्टर सहा आठवडे. तो रडकुंडीला आला होता, शिवजयंती गेली म्हणून.

त्याला सांगितलं, उद्यापासून रोज ये. डावा हात मोकळा आहे.

हे मन राखण्यासाठी सांगितलेलं नाही. 1894 मध्ये येल विद्यापीठात स्क्रिप्चर यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की एका हाताला व्यायाम दिला तर दुसऱ्या, न हललेल्या हाताची ताकदही वाढते. त्यानंतर हे असंख्य वेळा तपासलं गेलं. बसून असलेल्या हाताला मिळणारी वाढ साधारण 8 ते 12 टक्क्यांच्या घरात येते. स्नायू वाढत नाही, मेंदूकडून जाणारी आज्ञा सुधारते. प्लास्टरमधल्या हाताला ही वाढ मिळाली नाही तरी त्याची झीज कमी होते, आणि आमच्या धंद्यात तेवढं फार मोलाचं. पक्षाघाताच्या रुग्णांसाठीही हा मार्ग वापरून बघतात.

त्याच्या वडिलांना पटायला वेळ लागला. मोडलेला हात राहिला बाजूला आणि ही बाई धडधाकट हाताला व्यायाम देते, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. हाडाच्या डॉक्टरांशी बोलून घेतलं, त्यांची हरकत नाही. डाव्या मुठीत दाबायचा चेंडू, डाव्या हातानं वजन, आणि संध्याकाळी आखाड्यात डावी लाठी. घाम आला, धक्का बसला असं व्हायला नको, प्लास्टर सांभाळून.

28 डिसेंबर, रविवार

ज्या पोरीपुढं हलगीवाला थांबला होता तिच्याबद्दल.

प्रश्नावलीत ती लिहायला उजवी, जवळपास बाकी सगळ्याला डावी निघाली होती. आज तिची आई आली होती. पोर जन्मापासून डावखुरी. बालवाडीत डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात दिली जायची, घरीही तेच. आता उजव्या हातानं सुंदर लिहिते, पण परीक्षेत हात लवकर दुखतो.

मला याचा राग येतो, आणि तो इथं लिहून ठेवायला हरकत नाही. डावा हात अशुभ, डाव्यानं प्रसाद घेऊ नये, डाव्यानं पैसे देऊ नयेत हे सगळं घराघरात अजून आहे. 2019 मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे चार लाख लोकांच्या जनुकांचा अभ्यास छापून आला. हाताच्या पसंतीशी जोडलेल्या जागा जनुकांत सापडल्या, आणि मेंदूतल्या भाषेच्या तंतूंशीही त्यांचा संबंध दिसला. पोर हट्टानं डावा हात वापरत नाही. चापट मारून बदलायची ती सवय नव्हे.

वस्तादांचीही पद्धत सरसकट उजव्या हातानं सुरुवात करण्याची होती. त्यांनी आज सगळ्यांसमोर सांगितलं की पुढच्या गटापासून ज्याचा जो हात त्या हातानं सुरुवात. आखाड्याची परंपरा पिढ्यान्‌पिढ्यांची, तिच्यात असा बदल करायला मन मोठं लागतं.

या पोरीची मुठीची ताकद यंत्रावर मोजली. दोन्ही हात जवळपास सारखे. उजव्या माणसांत उजवी मूठ साधारण दहा टक्क्यांनी भारी असते, डावखुऱ्यांत मात्र दोन्ही मुठी बहुधा बरोबरीच्या निघतात. कारण उघड आहे: दाराची कडी, कात्री, गिरमिट, गाडीचा ॲक्सिलरेटर, सगळं जग उजव्यांच्या सोयीचं, आणि डावखुऱ्यांना त्यात दोन्ही हात घडवावेच लागतात. दुहेरी पट्ट्यात पुढं तीच राहील.

11 जानेवारी 2026, रविवार

खोबळे हातात चढले. धार नसलेली सरावाची पाती.

मला धास्ती होती की काठीवर आलेलं पट्ट्यावर मोडेल. तसं झालं नाही, डाव्या हाताचं तर उलट सुधारलं. कारण बहुधा खोबळ्यात आहे. बोटांना मेंदूच्या जवळपास विरुद्ध बाजूचीच आज्ञा मिळते, पण खांद्याच्या आणि धडाच्या स्नायूंना दोन्ही बाजूंकडून मिळते. मनगट आणि बोटं अडकवून टाकली की काम खांद्याकडे जातं, आणि खांद्यात उजव्या-डाव्याचा भेद मुळात कमी. डाव्या हातानं अक्षर गिरवायला जितकं अवघड, तितकं पट्टा फिरवायला नाही. हा माझा अंदाज आहे, पण आज डोळ्यांनी दिसलं ते याला धरून होतं.

दुसरी गोष्ट वस्तादांनी दाखवली. घेऱ्यातून फिरत असताना एक पातं डोक्यावर स्थिर धरायचं असतं आणि दुसरं भोवती फिरवायचं. सगळी उजवी पोरं न सांगता डावं पातं स्थिर ठेवतात. डावा हात तिथं उजव्यापेक्षा कमी हलतो, कमी थरथरतो. हालचालींचे अभ्यासक सेनबर्ग यांचं म्हणणं हेच आहे: मुख्य हात वाट आखण्यात तरबेज, दुसरा हात जागा धरून ठेवण्यात. भाकरीचं पीठ मळताना परात कोणत्या हातानं धरता, आणि ती किती पक्की धरता, हे बघितलं तरी पटेल. त्या हाताला आपण कधी शाबासकी देत नाही.

म्हणून ठरलं: दोन्ही हातांना सगळं शिकवायचं, पण प्रात्यक्षिकाच्या रचनेत ज्या हाताचा जो गुण त्याला तिथं ते काम.

25 जानेवारी, रविवार

दांडग्या पोराचं प्लास्टर निघालं. मनगट ताठ आहे, पण मूठ मला वाटली होती त्यापेक्षा चांगली. व्यायाम सुरू. पट्टा उजव्या हातात यंदा नाही. डाव्या हातानं एकेरी पट्टा तो करेल, आणि गटात डाव्या हाताची इतकी स्वच्छ फिरत आज दुसऱ्या कुणाची नाही.

8 फेब्रुवारी, रविवार

खुंट्यांची पाटी परत लावली. याची मला फार उत्सुकता होती.

डाव्या हाताच्या खुंट्या जवळपास पहिल्याइतक्याच. जो थोडा फरक आहे तो पाटी ओळखीची झाल्याचा, उजव्या हातातही तेवढाच आहे. काही पोरांना डाव्या हातानं सुई ओवायला, नाव लिहायला लावलं: होतं तसंच. लाठी आणि पट्ट्यात मात्र डावा हात ओळखू येत नाही इतका बदललाय.

पालकांच्या सभेत हे सरळ सांगणार आहे. आम्ही पोरांचे दोन्ही हात सारखे केलेले नाहीत. पट्टा दोन्ही हातांचा झालाय. डाव्या हातानं अक्षर हवं असेल तर ते वेगळं गिरवावं लागेल, तबला हवा असेल तर बायाँवर वेगळं बसावं लागेल. चार महिन्यांच्या कामात मला सगळ्यात पक्कं कळलेलं हेच.

19 फेब्रुवारी, गुरुवार

रात्री उशिरा लिहितेय. पेठेतल्या चौकात प्रात्यक्षिक झालं, गर्दी उसळली होती. समांतर फिरत शेवटच्या लयीपर्यंत टिकली. डावखुऱ्या पोरीनं दोन बाजूंना ठेवलेली लिंबं दोन पात्यांनी एकाच झोक्यात काढली. ही पाती धारेची, म्हणून वस्ताद जवळच उभे होते. गर्दीतून "नाद खुळा!" अशी आरोळी आली. कुणाला खरचटलंही नाही.

22 फेब्रुवारी, रविवार

पुढच्या गटासाठी वस्तादांशी बसून ठरवलेलं.

पहिल्या महिन्यात पोराचा हात कोणता ते भोवऱ्यावरून आणि फेकण्यावरून बघायचं, जेवणावरून नाही. नवा हात शिकवताना आधी मागं पडणाऱ्या हाताला द्यायचा, पोर ताजंतवानं असताना. दोन काठ्यांची समांतर फिरत रिबिनीशिवाय शिकवायची नाही, आणि लय वाढवायची ती वेणी टिकेल तेवढीच. हात भुलले की थांबून लय खाली आणायची, तसंच पुढं रेटायचं नाही. खांदा दुखतो म्हणणाऱ्या पोराला त्या दिवशी खोबळा नाही. लहान मापाचे खोबळे लोहाराकडे सांगितलेत.

वस्तादांनी आता फरी-गदका पुढं ठेवलाय. ढाल डाव्या हातात, गदका म्हणजे काठी उजव्यात, असं सगळे खेळतात. हातांची अदलाबदल करून दोन्ही बाजूंनी खेळता येतं का ते बघायचंय. सुरुवात त्या डावखुऱ्या पोरीपासून, तिला तिच्या मनासारखा गदका डाव्या हातात देऊन. ती समोर उभी राहिली की उजव्यांच्या ढाली भलत्याच बाजूला येतात, आणि त्या बाजूचा वार अडवायची सवय आमच्यात एकालाही नाही, वस्तादांनासुद्धा. सोमवारी संध्याकाळी तिच्यासमोर आधी तेच उभे राहणार आहेत.